मास्तरांचा अर्धा सेकंद

घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, आणि ते पुढेच राहिलं पाहिजे ही मास्तरांची चाळीस वर्षांपासूनची आज्ञा होती. त्यामुळे त्या घरात प्रत्येकाचं आपापलं गणित होतं. आजी मनातल्या मनात दहा वजा करायच्या. धाकटा बारा वजा करायचा, म्हणून तो कायम दोन मिनिटं उशिरा. जावईबापूंना तर लग्नानंतर वर्षभर कोणी काही सांगितलंच नव्हतं. ते बिचारे इथून निघाले की बस यायच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर जाऊन उभे राहायचे, आणि मास्तर म्हणायचे, "बघा, याला म्हणतात शिस्त."

त्या रविवारी घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा खरा एक वाजला होता. आजी खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसून पोहण्याचा एक निळा पोशाख उसवून कमरेला पट्टी घालत होत्या. घर तलावाच्या तिकीटखिडकीच्या बरोब्बर वर. खाली बघितलं की पंचवीस मीटर पाणी, सहा लेन, आणि रविवारी दुपारी तलाव बंद म्हणून काठावर चिटपाखरू नाही. क्लबच्या तीन पिढ्यांचे पोशाख आजींच्या हातचे होते. माणूस पोहतो कसा ते मास्तरांना कळतं, पण माणूस आहे कसा ते मापावरून कळतं, असं त्या म्हणायच्या आणि मास्तर ऐकू न आल्यासारखं करायचे.

"आई, कुणाचा हा?" धाकट्याने बटाटे सोलता सोलता विचारलं.

"आहे एकीचा. कमरेला सुटलीये जरा."

"बायकांच्या बॅचमधली?"

"तू बटाटे सोल."

मास्तर जेवणाच्या टेबलाशी चष्मा नाकावर ओढून एक फॉर्म वाचत होते. तिसऱ्यांदा. मोठ्या स्पर्धेचा फॉर्म, संध्याकाळी पाचच्या आत पोचवायचा, आणि त्यात नाव घालायचं होतं त्यांच्या नातीचं. तिला सगळे बेडकी म्हणत. चार वर्षांची असताना ती काठावरून कोणाला न विचारता पाण्यात उडी मारून पलीकडे निघाली होती, तेव्हापासून. आता ती तेरा वर्षांची होती आणि तिचं दाखल्यावरचं नाव फक्त शाळेत वापरलं जायचं. गेल्या उन्हाळ्यातला तह अजून टिकून होता: सकाळी बेडकी आजोबांची, संध्याकाळी मामाची, म्हणजे धाकट्याची. बापलेकांनी त्या तहावर एकमेकांकडे न बघता हात मिळवले होते.

जिन्यावर पावलं वाजली. मागच्या जिन्यावर, आजींनी ओळखलं. पुढच्या जिन्याला तलावाच्या फाटकातून यावं लागतं, आणि त्यांची थोरली लेक ताई, म्हणजे बेडकीची आई, त्या फाटकातून सव्वीस वर्षांत एकदाही आली नव्हती. आजींनी दोरा तोडला आणि पोशाख पटकन घडी करून पिशवीत टाकला.

---

जेवायला सहाजण होते. मास्तर, आजी, धाकटा, ताई, ताईचा नवरा आणि बेडकी. उकडलेले बटाटे, तळलेला मासा, भात, आणि मधोमध मिठाच्या डबीखाली दाबून ठेवलेला तो फॉर्म.

धाकटा त्या दिवशी खुशीत होता. त्याची संध्याकाळची पोहण्याची बॅच आता मास्तरांच्या सकाळच्या बॅचपेक्षा मोठी झाली होती. त्याच्या बॅचमध्ये कोणी ओरडत नसे, कोणी रडत नसे. पोरं हसत यायची, हसत जायची. मास्तरांच्या शिट्टीने मात्र समोरच्या इमारतीतली कुत्रीसुद्धा सरळ बसायची. धाकट्याला वाटायचं, आपण बापाच्या चुका न करता तेच काम करतोय. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, फक्त चेहऱ्यावर ठेवलं होतं, आणि मास्तरांना तेच जास्त झोंबायचं.

"सही झाली का गं?" मास्तरांनी नातीला विचारलं.

"नाही."

"मग कर. जेवून झाल्यावर मी नेऊन देतो."

"आजोबा, त्यात एक रकाना आहे. 'पन्नास मीटरची आजवरची सर्वांत कमी वेळ.' तिथे काय लिहू?"

"ते मी लिहीन. तू मासा खा."

बेडकीने ताट बाजूला सारलं. "हद्द एकतीस सेकंदांची आहे. त्याच्या वर असेल तर घेत नाहीत. तुम्ही मला काल सकाळी एकतीस चार सांगितलंत."

"मग? मेहनत कमी पडतेय."

"मग एकतीस चारवाल्या मुलीचा फॉर्म तुम्ही कशाला भरताय?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. धाकट्याने गालातल्या गालात हसून पाण्याचा पेला उचलला. त्याचं हे हसू फार टिकलं नाही.

"आणि मामा संध्याकाळी म्हणाला तीस चार. कालच नव्हे, रोज असंच. अकरा आठवडे मी लिहून ठेवलंय. सकाळ आणि संध्याकाळ यात रोज एका सेकंदाचा फरक. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. मला वाटलं मी सकाळी वाईट पोहते. म्हणून मी नऊला झोपायला लागले. मग दूध बंद केलं. मग केळं सुरू केलं. मग आईने माझं रक्त तपासून आणलं."

"मला वाटलं लोह कमी असेल," ताई म्हणाली. तिचं औषधांचं दुकान होतं, आणि ती सगळ्या गोष्टींची सुरुवात लोहापासून करायची.

"लोह एकदम छान निघालं," जावईबापूंनी अभिमानाने सांगितलं.

"तुमच्या दोघांपैकी कोणीतरी खोटं सांगतंय," बेडकी म्हणाली.

खाई त्याला खवखवे. मास्तरांना काटा अडकल्यासारखा ठसका लागला, आणि त्याच क्षणी धाकट्याच्या नाकात पाणी गेलं. दोघेही बराच वेळ खोकले. जावईबापू उठून दोघांच्याही पाठीवर आळीपाळीने थापट्या मारत होते.

धाकटा आधी सावरला. टेबलाभोवती बसलेली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि भाचीचे डोळे भरलेले होते. तिला रडवेल तो बाप, आपण नव्हे, असं त्याने स्वतःशी ठरवलेलं होतं.

"मी जरा कमी सांगतो," तो म्हणाला.

"जरा म्हणजे?"

"अर्धा सेकंद. सगळ्यांनाच. पोरांना बरं वाटतं गं. दुसऱ्या दिवशी उड्या मारत येतात."

"अर्धाच?" ताईने विचारलं. ती दिवसभर गोळ्या मोजणारी बाई. "फरक तर एकाचा आहे. उरलेला अर्धा कुठे गेला?"

मग सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी मिळवतो," ते म्हणाले. "मिळवतो, त्यात काय चोरी आहे? पोराला वाटलं आपण पोचलो, की पोर तिथेच बसतं. पोचलो नाही असं वाटलं तर आणखी एक हात मारतं. भिंतीवरचं घड्याळ पुढे ठेवलं म्हणून या घरात कोणाची गाडी चुकली का कधी?"

"त्या घड्याळातून आम्ही दहा वजा करतो हो!" आजी म्हणाल्या.

खरंच होतं. भिंतीवरच्या घड्याळातून वजा करायला त्या घरातली पोरं बोलायच्या आधी शिकली होती. पण मास्तरांच्या मुठीतल्या घड्याळातून काही वजा करायचं असतं, हे पोहणाऱ्या पोरांपैकी कोणाला सुचलंच नाही. ते घड्याळ मास्तर कोणाला दाखवत नसत. आकडा सांगायचे आणि मूठ बंद.

"बाबा मिळवतात, म्हणून तर मी वजा करायला लागलो," धाकटा म्हणाला. "बेडकीच्या बाबतीत तर हिशेब बरोबर बसत होता. दोन्हींची सरासरी खरी यायची."

"वा!" मास्तर म्हणाले. "आणि मागच्या वर्षीचा तुझा तो शिडशिडीत पोरगा? सरासरी काढली होती का त्याने? पहिला येणार म्हणून आजोळची माणसं बोलावली आणि सातवा आला. कपडे बदलायच्या खोलीतून तासभर बाहेर आला नाही."

"आणि तुमच्या बॅचमधली अर्धी पोरं दर वर्षी सोडून जातात, त्यांचं काय? ती तर खोलीतसुद्धा जात नाहीत. परत येतच नाहीत."

"जी राहतात ती पोहतात!"

"जी राहतात ती घाबरतात!"

"एका माळेचे मणी," आजी म्हणाल्या. "एक कडू देतो, एक गोड देतो. औषध कोणीच देत नाही."

एरवी यावर ताई हसली असती. तिने बटाट्यात टोचलेला काटा तसाच धरून ठेवला होता.

"सगळ्यांनाच मिळवता?" तिने विचारलं.

"सगळ्यांना," मास्तर तावातावात म्हणाले. "आपलं-परकं मी कधी केलं नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापा..." आणि मास्तर थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं.

धाकट्यालाही कळलं, पण थोडं उशिरा. ताई सोळा वर्षांची होती तेव्हा तो दहाचा होता. त्याला एवढंच आठवत होतं की एका संध्याकाळी ताई पाण्याबाहेर आली, टोपी काढून काठावर ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या कोणीही पोहण्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं. टोपी चार दिवस तिथेच होती.

"मला तुम्ही तीस तीन सांगितलंत," ताई म्हणाली. "तेव्हा हद्द तीसची होती. दुसऱ्या दिवशी फॉर्म जाणार होता."

"एकोणतीस आठ," मास्तर म्हणाले.

आकडा इतक्या पटकन आला की तो त्यांना शोधावा लागला नाही हे सगळ्यांना समजलं. सव्वीस वर्षं तो तोंडाशीच होता.

जावईबापूंनी घसा साफ केला. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर विहिरीसारख्या अंधाऱ्या जागेत दोरांना लटकायचा, आणि सासऱ्यांच्या समोर मात्र वीस वर्षांत एकदाही मान वर करून बोलला नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "हे तुमचं चुकलं."

---

ताई ताटं उचलून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि एकच ताट पुन्हा पुन्हा घासत राहिली. तिला राग आला होता, आणि राग कोणाचा ते ठरत नव्हतं. आपण तेव्हा मोठ्या स्पर्धेला गेलो असतो, जिंकलो असतो, असलं काही तिच्या मनात आलं नाही. दुकान तिला आवडायचं, नवरा आवडायचा. तिला आठवली ती त्या दिवसानंतरची वर्षं. कुठल्याही गोष्टीत आपण थोडक्यासाठी कमी पडणारी माणसं आहोत असं समजून काढलेली. परीक्षेला जाताना, दुकानाचा परवाना मागताना, लेकीच्या जन्माच्या वेळीसुद्धा. तीन दशांशांनी कमी.

आजी मागोमाग आल्या आणि नळ बंद केला.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"मिळवतात हे माहीत होतं. तुझं नव्हतं माहीत. ते नंतर कळलं, तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस तेव्हा. तापात बडबडले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं." आजींनी पदर वगैरे डोळ्याला लावला नाही, त्या सरळ उभ्या राहिल्या. "तुझे बाबा दोषी होते आणि मी भित्री. तुला सांगितलं असतं तर तू मागच्या जिन्यानेही आली नसतीस."

"नसते आले."

"मग? मला लेक हवी होती."

ताईने ताट पालथं घातलं. आईवर रागावणं तिला कधीच नीट जमलेलं नव्हतं, आणि आज सरावाचा दिवस नव्हता.

दारात बेडकी उभी होती, हातात फॉर्म.

"आई, मी सही करणार नाही," ती म्हणाली. "मला स्पर्धेला जायचंय. खूप जायचंय. पण मी किती आहे हेच मला माहीत नाही. आजोबांच्या मते मी जाऊ शकत नाही, मामाच्या मते मी सगळ्यांच्या पुढे. मी पोहते तेव्हा मीच पोहते ना? मग मला कसं माहीत नाही?"

"मधला आकडा धर की," मागून जावईबापू म्हणाले. "तीस नऊ."

"तो गणिताचा आकडा आहे, बाबा. माझा नाही. दोघांनी किती खोटं सांगितलं हेही त्यांनीच सांगितलंय. कोणीतरी आत्ता खरं घड्याळ लावा. नाही तर मी सोडते पोहणं. शिट्टीही नको आणि शाबासकीही नको."

"मी लावतो! माझा फोन आहे ना," जावईबापू म्हणाले.

"तुम्ही मी पाण्यात गेले की डोळे मिटता."

"एकदाच मिटले होते."

"दर वेळी मिटता. आणि आजीला मोतीबिंदू आहे." ती आईकडे बघत राहिली. "आई, तू कोणाला अर्धी गोळीसुद्धा जास्त देत नाहीस."

आजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि दहा वजा केले. सव्वातीन.

ताईने हात पुसले. बाहेरच्या खोलीत जाऊन तिने मास्तरांच्या समोर तळहात धरला. मास्तरांनी गळ्यातली दोरी काढली, आणि घड्याळ दोरीसकट तिच्या हातावर ठेवलं. ते देताना त्यांची मूठ उघडायला जरा वेळ लागला.

"चला," ताई म्हणाली, आणि पुढच्या जिन्याने उतरली.

---

बेडकीने आईला फाटकाशी थांबलेलं पाहिलं. आई तिथे चपला काढत होती. चपला काढायला माणसाला इतका वेळ लागत नाही, पण बेडकीने घाई केली नाही. मग आई आत आली, ओल्या फरशीवरून, आणि कुठे पाय घसरतो ते तिला माहीत असल्यासारखी तिसरी फरशी टाळून चालत गेली.

"ही अजून डुगडुगते?" आईने विचारलं.

"दर वर्षी दुरुस्त करतो," मास्तर मागून म्हणाले.

"बोलायचं नाही," आई म्हणाली. "तुम्ही दोघं त्या बाकावर बसा. हात गुडघ्यांवर. शिट्टी नाही, टाळ्या नाहीत, 'चल चल' नाही, 'शाबास' नाही. अळीमिळी गुपचिळी."

मास्तर आणि मामा शेजारीशेजारी बसले. इतक्या जवळ ते बऱ्याच वर्षांत बसले नव्हते. दोघांचे हात गुडघ्यांवर होते आणि दोघांचे डावे अंगठे एकाच लयीत हलत होते. आजींनी ते बघितलं आणि हसू दाबलं.

बेडकी चौथ्या लेनच्या ठोकळ्यावर चढली. पाणी स्थिर होतं. एरवी तिच्या कानात सकाळी आजोबांचा आवाज असायचा, कोपर वर, कोपर वर, गाढवा. आणि संध्याकाळी मामाचा, वा माझी राणी, वा. आज काहीच नव्हतं. तिला थोडी भीती वाटली. मग वाटलं, एवढी शांतता असते इथे?

"तयार," आई म्हणाली. "सूर!"

जाताना ती मोजून पोहली. भिंतीशी कोलांटी मारून वळली, आणि येताना मोजायचं विसरली. फक्त पाणी होतं आणि ती होती, आणि शेवटच्या पाच मीटरांत तिने श्वासच घेतला नाही. हात भिंतीवर आदळला. ती वर आली, आणि सवयीने आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

आई काठावर गुडघे टेकून बसली आणि घड्याळाची तबकडी बेडकीच्या नाकासमोर धरली. तबकडी कशी असते हे बेडकीने पहिल्यांदाच बघितलं. पांढऱ्यावर काळे बारीक दात, एका ठिकाणी ओरखडा, आणि काटा एकतीसच्या एक दात अलीकडे थांबलेला.

"तीस नऊ," बेडकीने स्वतः वाचलं.

तिला वाटलं होतं, वेळ जास्त निघाली तर वाईट वाटेल. मामाच्या तीस चारपेक्षा ही जास्तच होती. पण वाईट वाटेना. ही तिची वेळ होती, तिने पाहिलेली, आणि हद्दीच्या आत होती. एक दशांश आत, म्हणजे जेमतेम, म्हणजे स्पर्धेत तिचा नंबर बहुतेक शेवटून दुसरा येणार. ती खदखदून हसली आणि तिच्या नाकात पाणी गेलं.

"हसायला काय झालं?" मामाने न राहवून विचारलं.

"मामा, मी तर साधारण आहे!"

"साधारण नाहीस," मास्तर उठत म्हणाले, मग ताईकडे बघून परत बसले. मग बसल्या बसल्या म्हणाले, "तीस नऊ आहेस. आणि उजवं कोपर अजून पडतं."

"हे खरं ना?"

"हे कायम खरंच होतं."

बेडकीने ओल्या हाताने फॉर्मवर सही केली. ताईने आईवडिलांच्या जागी केली. प्रशिक्षकाच्या जागी एकच रेघ होती. मास्तरांनी पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि पेन मुलाकडे दिलं.

"इथे एकाचंच नाव मागितलंय, बाबा."

"मग बारीक अक्षरात लिही."

जावईबापू फॉर्म घेऊन पळाले. ते चारच्या सुमारास पोचले, म्हणजे तासभर आधी, आणि तिथला कारकून जेवून यायचा होता म्हणून दारात उभे राहिले. त्यांची काही तक्रार नव्हती.

---

मास्तरांना वाटलं होतं, आता ताई घड्याळ परत देईल आणि मागच्या जिन्याने जाईल. ती गेली नाही. काठावर बसून तिने पाय पाण्यात सोडले. बेडकी आणि मामा पलीकडच्या टोकाला कोपरावरून वाद घालत होते.

मास्तर तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून बसले. बसताना गुडघे वाजले.

"दुसऱ्या दिवशी सकाळी सांगणार होतो," ते म्हणाले. "फॉर्म भरून ठेवला होता. खरा आकडा लिहून. वाटलं, रात्रभर चिडेल, आणि सकाळी आणखी जोरात पोहेल. मग सांगू. तू आलीच नाहीस. साडेसातपर्यंत काठावर उभा होतो."

"तुम्ही काठावर होता," ताई म्हणाली. "मी वरच्या खोलीत होते, बाबा. एक जिना."

शेकडो पोरांना त्यांनी या पाण्यातून पार नेलं होतं, आणि तो एक जिना त्यांना चढता आला नव्हता.

"आधी राग आला होता," ते म्हणाले. "मग राग गेला आणि लाज वाटायला लागली. ती काही गेली नाही. माझं चुकलं. सेकंदाचंही चुकलं आणि जिन्याचंही."

ताई रडली. फार नाही, पण उघडपणे, तोंड न लपवता. मास्तर शेजारी बसून राहिले. पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्यांना ठरवता येईना, आणि ठरेपर्यंत तिचं रडून झालं.

तेवढ्यात आजी पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून त्यांनी तो निळा पोशाख काढला आणि लेकीच्या मांडीवर ठेवला.

"घाल."

"हा... आई, हा माझाच?"

"तुझाच. दर दोन वर्षांनी उसवते आणि वाढवते. बाळंतपणानंतर बराच वाढवावा लागला. आज परत कमरेला पट्टी घातलीये."

"तू माझं माप कधी घेतलंस?"

"तू जिन्याने येतेस ना? बघते की."

"आई, मी बेचाळीस वर्षांची आहे."

"कापडाला सांग, मला नको," आजी म्हणाल्या. "ते तेरा वेळा उसवलंय मी. आता कापडात जीव नाही राहिलेला. आज नाही घातलास तर पुसायला घेईन."

पोशाख अंगात बसला. अगदी बरोब्बर बसला, आणि त्याचाच ताईला जास्त राग आला. बेडकी आणि मामा ओरडत काठाने धावत आले. ताई चौथ्या लेनच्या ठोकळ्यावर चढली, गळ्यातलं घड्याळ काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

"तुम्ही लावा."

मास्तरांनी घड्याळ लावलं. ताईने सूर मारला तेव्हा पाणी बाकापर्यंत उडालं. पहिले दहा मीटर ती सोळा वर्षांची होती. मास्तरांनी ते हात ओळखले, पाण्यात जाताना करंगळी जरा बाहेर, कितीदा सांगितलं तरी. वीस मीटरांवर ती तिशीची झाली. भिंतीशी तिने कोलांटी मारायचा प्रयत्न केला आणि तो फसला. परतीच्या वाटेवर तिचा दम बाहेरच्या रस्त्यावरही ऐकू जात असावा. बेडकी "चल आई, चल आई" करत काठाने पळत होती आणि या वेळी तिला कोणी गप्प केलं नाही.

हात भिंतीला लागला. मास्तरांनी बटण दाबलं.

काट्याकडे बघून ते थोडे थांबले. किती वाईट वेळ होती ती! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अर्धा सेकंद वजा करावासा वाटला. अर्धाच का, दोन करावे, तीन करावे. या पोरीचं त्यांच्याकडे एवढं तर निघत होतंच. धाकटा त्यांच्याकडे बघत होता. तो रोज संध्याकाळी हे का करतो, ते मास्तरांना तेव्हा कळलं.

ताई लेनच्या दोरीला लोंबकळत होती. तिला धड बोलताही येत नव्हतं.

"किती?"

मास्तर पुढे वाकले आणि त्यांनी मूठ उघडली. "चव्वेचाळीस सहा."

"मिळवून?"

"नाही. बघ की, आहे तेवढं."

ताईने तबकडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. केस डोळ्यांवरून मागे सारले.

"फार वाईट आहे, बाबा."

"फारच वाईट आहे," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी सहाला ये."

"भिंतीवरच्या सहाला की खऱ्या?"

मास्तरांनी घड्याळाची दोरी तिच्या ओल्या गळ्यात अडकवली.

"खऱ्या," ते म्हणाले. "आणि नाही आलीस, तर मी वर येईन."